होडी बांधायचा वर्ग: प्लाय की फळ्या?

बेळगाव, खानापूर, चिकोडीकडच्या कुणी स्वतःच्या हातानं होडी बांधायचं मनावर घेतलं, की मी आधी विचारतो, ती पाण्यात किती दिवस राहणार? आपल्याकडं समुद्र नाही. हिडकलचं धरण नाहीतर कृष्णाकाठ गाठायचा, तोही होडी गाडीच्या टपावर बांधून. बाकी वर्षभर ती पडवीत पालथीच.

होडी बांधायला शिकवणारे वर्ग दोन तऱ्हेचे, फळ्यांचे आणि प्लायचे. फळ्यांच्या होडीला हे कोरडं राहणंच मानवत नाही. एकमेकींवर चढवलेल्या फळ्या तांब्याच्या खिळ्यांनी जोडतात. लाकूड पाण्यात फुगलं की सांधे आवळतात. एप्रिलचं ऊन खात कोरडी राहिली, की फळ्या आकसतात आणि सांध्यातून उजेड दिसतो. तरीही सुतारकामाची खरी गोडी यातच आहे. बरगडीची पट्टी वाफेच्या पेटीत ठेवायची, इंचभर जाडीला साधारण तासभर. बाहेर काढली की जाड हातमोजे घालून लगेच वाकवायची. जरा रेंगाळलात तर ती ताठ होते, जोर केला तर मोडते. रंधा, पटाशी हातात बसायला मात्र महिने लागतात.

प्लायच्या वर्गात आठ बाय चारच्या शीटमधून तुकडे कापतात, कडेला भोकं पाडून तांब्याच्या तारेनं शिवतात. पक्कडीनं तारा पिळत गेलं की सपाट तुकडे एका दुपारीत होडीच्या आकाराला येतात. मग इपॉक्सीत, म्हणजे दोन द्रव मिसळून घट्ट होणाऱ्या चिकट रसायनात, लाकडाची बारीक पूड कालवून श्रीखंडाइतकं दाट करायचं, सांध्यात भरायचं, चमच्याच्या पाठीनं ओढायचं आणि वर फायबरची पट्टी. इंग्लंडमध्ये १९६०च्या दशकात निघालेली मिरर ही होडी अशीच घरोघरी बांधली गेली.

प्लाय आयएस ७१० शिक्क्याचाच घ्या, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा. मी नुसत्या ‘वॉटरप्रूफ’ शब्दावर घेतला, दोन पावसाळ्यांत थर सुटले. ओल्या हवेत इपॉक्सीवर तेलकट थर येतो, तो धुतल्याशिवाय पुढचा हात देऊ नये. म्हणून आपल्याकडं वर्ग दिवाळी ते होळी या काळातला बघा. हातमोजे घालाच, इपॉक्सीनं अंगाला खाज सुटते.

इथंच राहून होडी वापरायची असेल तर मी प्लायच सांगेन. सुतारकामच शिकायचं असेल, किंवा होडी मालवणकडं पाण्यातच राहणार असेल, तर फळ्या. वर्गात नाव नोंदवताना मात्र विचारून घ्या, होडी प्रत्येकाची वेगळी की सगळ्यांत मिळून एक? आणि घरचं दार मोजून जा.