पाय, एमवन की रिस्क-फाइव्ह: रोजच्या कामाला लिनक्स कोणत्या यंत्रावर?

इंटेल किंवा एएमडीचा साधा लॅपटॉप घेऊन त्यावर लिनक्स टाकायचं असेल, तर फार विचार करायचं कारण नाही. पेनड्राइव्ह तयार करा, तासाभरात काम होतं. प्रश्न पडतो तो वेगळ्या वाटेच्या, म्हणजे दुसऱ्या जातीचा प्रोसेसर असलेल्या यंत्रांबाबत. टेबलावर रास्पबेरी पाय ५ हा छोटा, एका बोर्डाचा कॉम्प्युटर ठेवून तोच घरचा कॉम्प्युटर करावा का? घरात पडून असलेल्या, ॲपलच्या एमवन चिपवरच्या मॅकबुक एअरवर असाही, म्हणजे ॲपलच्या चिपांसाठी बनवलेलं लिनक्स, चढवावं का? की थेट रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर-रचनेचा बोर्ड मागवावा? मी तिन्ही वापरले आहेत. पाय दोन वर्षं, मॅकबुक वर्षभर आणि व्हिजनफाइव्ह २ हा रिस्क-फाइव्ह बोर्ड अधूनमधून. काम भाषांतराचं आणि प्रुफं तपासण्याचं. शिवाय मेल, बँक, ऑनलाइन बैठका आणि छपाई.

कोणी सल्ला विचारला की पहिला प्रश्न वेगाचा असतो. मी मात्र आधी विचारतो, तुमचा प्रिंटर कोणता?

कारण सांगतो. लिनक्सवरच्या बहुतेक सॉफ्टवेअरचा सोर्स कोड खुला असतो. डेबियनसारखी वितरणं, म्हणजे लिनक्सच्या तयार आवृत्त्या, तोच कोड प्रत्येक जातीच्या प्रोसेसरसाठी वेगळा बांधून देतात. त्यामुळे लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, गिम्प, छापील मराठीचं टाइप केलेल्या मजकुरात रूपांतर (ओसीआर) करणारं टेसरॅक्ट हे सगळं तिन्ही यंत्रांवर मिळतं. मराठी टंकलेखनाची तर अजिबात चिंता नको. इनस्क्रिप्ट कळफलक व्यवस्थेतच असतो, आयबस हे टंकलेखनाचं सॉफ्टवेअर घातलं की उच्चारानुसार टाइप करता येतं, लोहित आणि नोटो हे फाँट सगळीकडे सारखेच दिसतात. जे फक्त तयार बायनरीच्या, म्हणजे थेट चालणाऱ्या फाइलच्या रूपात मिळतं आणि ज्याचा कोड कंपनीकडेच असतो, ते मात्र इंटेल-एएमडीच्या उंबरठ्यावर थांबतं.

आणि आपल्याकडच्या रोजच्या कामात अशा गोष्टी बऱ्याच आहेत. कॅननचा एलबीपी २९०० हा लेझर प्रिंटर झेरॉक्सच्या दुकानांत आणि वकिलांच्या टेबलावर वर्षानुवर्षं दिसतो. त्याचा कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) इंटेल-एएमडीपुरताच आहे. स्वयंसेवकांनी उलगडून लिहिलेला खुला ड्रायव्हर आहे, पण तो स्वतः बांधून बसवावा लागतो. एचपीच्या लेझरजेट १०२०ला मात्र फू-टू-झेडजेएस हा खुला ड्रायव्हर चालतो आणि ब्रदरच्या अनेक मॉडेलांना बीआरलेझर. हल्लीचे वायफाय प्रिंटर एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर समजत असतील, तर ते ड्रायव्हरशिवायच चालतात. तेव्हा प्रिंटर नवा घ्यायचा असेल तर खोक्यावर आधी हेच शोधा.

ई-निविदा किंवा कंपनीची विवरणपत्रं भरण्यासाठी डिजिटल सहीचं टोकन (यूएसबीत लावायची किल्ली) वापरत असाल, तर आणखी सावध राहा. टोकनचा ड्रायव्हर आणि सही करणारं जोड-सॉफ्टवेअर सहसा विंडोजसाठी असतं, फार तर इंटेल-एएमडीच्या लिनक्ससाठी. डीटीपीवाल्यांच्या श्रीलिपीचंही तेच, ते विंडोजचं सॉफ्टवेअर. ही कामं तुमच्या पोटापाण्याची असतील तर या तिघांपैकी एकही यंत्र एकटं पुरणार नाही. जुना विंडोज पीसी शेजारी ठेवावाच लागेल, आणि तसं करण्यात काही गैर नाही. झूमचा लिनक्सवरचा क्लायंटही इंटेल-एएमडीपुरताच आहे, पण ब्राउझरमधून बैठकीला बसता येतं. गूगल मीट तर ब्राउझरचंच आहे.

हे सगळं चाळून झालं आणि तरी मन या यंत्रांकडे ओढत असेल, तर आता खरी तुलना.

पाय ५ सप्टेंबर २०२३मध्ये जाहीर झाला. कॉर्टेक्स-ए७६चे चार कोर, २.४ गिगाहर्ट्‌झ. आधीचा पाय ४ घरचा कॉम्प्युटर म्हणून वापरताना ब्राउझरचे आठ-दहा टॅब उघडले की धाप लागायची. पाय ५वर ती लागत नाही, मात्र ८ जीबीचाच घ्या. कळफलकातच बसवलेला पाय ५०० डिसेंबर २०२४मध्ये आला. शाळकरी मुलांच्या घरासाठी मला तोच जास्त आवडतो, कारण टेबलावर उघडा बोर्ड आणि वायरींचा गुंता राहत नाही.

पायची सगळ्यांत मोठी जमेची बाजू वेग नव्हे, देखभाल. ज्यांनी यंत्र बनवलं तेच रास्पबेरी पाय ओएस बनवतात. कर्नेल (व्यवस्थेचा गाभा), ग्राफिक्स, ब्राउझर सगळं एकमेकांशी जुळवून येतं. ओटीटीचे संरक्षित व्हिडिओ बघायला लागणारं वाइडवाइन हे सॉफ्टवेअर त्यांच्या भांडारात तयार मिळतं. असाहीवर ते वेगळ्या स्क्रिप्टनं आणावं लागतं, रिस्क-फाइव्हवर मिळतच नाही.

उणिवा मात्र जागेवरच समजून घ्या. पाय ५ला ३.५ मिमीचं ऑडिओ भोक नाही, माइक नाही, कॅमेरा नाही. बैठकांसाठी यूएसबी हेडसेट आणि वेबकॅम वेगळे घ्यावे लागतात. मॉनिटरची वायर मायक्रो एचडीएमआयची लागते. चिपमध्ये व्हिडिओ उलगडण्याची सोय फक्त एचईव्हीसी या एका व्हिडिओ-प्रकारासाठी आहे, यूट्यूबचे प्रकार वेगळे, त्यामुळे त्याचा भार सीपीयूवर पडतो. १०८०पी नीट चालतं, ४केचा हट्ट धरू नका.

आणि वीज. पायला पुरेपूर ताकद हवी असेल तर ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. मोबाइलचा चार्जर किंवा पॉवरबँक सहसा ५ व्होल्टला ३ अँपिअर देतो. त्यावर पाय सुरू होतो, पण यूएसबीच्या चारही जागांना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो. मग बाहेरची हार्डडिस्क मध्येच गायब होते आणि माणूस लिनक्सला दोष देत बसतो. जिथे वीज सांगून-न सांगता जाते तिथे हा मुद्दा वेगापेक्षा मोठा आहे. पाय ज्यावरून चालतो ते माझं पहिलं एसडी कार्ड अशाच एका दुपारी गेलं. लिहिणं चालू असताना वीज गेली आणि परत आल्यावर पाय उठेचना. दीडशे पानांचं भाषांतर दुसरीकडे उतरवून ठेवलं होतं म्हणून निभावलं. तेव्हापासून मी पायला एनव्हीएमई एसएसडी (कार्डाऐवजीची जलद डिस्क) जोडली आहे आणि छोट्या यूपीएसवर ठेवला आहे. हे दोन्ही खर्च पायच्या किमतीत धरूनच हिशेब करा. पाय ५००+ या मॉडेलात एसएसडी आतच येते, साध्या ५००मध्ये नाही.

मॅकबुकला हा त्रास मुळातच नाही. बॅटरी आहे, पंखा नाही, कळफलक आणि पडदा कोणत्याही पायच्या जोडणीपेक्षा सरस. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये आलेली एमवन चिप आजही पाय ५ला वेगात सहज मागे टाकते. ॲपलनं या चिपची कागदपत्रं कधी दिली नाहीत. हेक्टर मार्टिन यांनी सुरू केलेल्या असाही प्रकल्पानं एकेक भाग उलगडत लिनक्स तिच्यावर उभं केलं. मार्च २०२२मध्ये पहिली चाचणी आवृत्ती आली आणि डिसेंबर २०२३मध्ये फेडोरा या वितरणावर आधारलेलं फेडोरा असाही रीमिक्स. ॲलिसा रोझेन्झवाइग आणि सहकाऱ्यांनी लिहिलेला ग्राफिक्सचा ड्रायव्हर तर ओपनजीएल आणि व्हल्कन या ग्राफिक्सच्या मानकांच्या प्रमाणपत्रापर्यंत पोचला. हा ड्रायव्हर वापरताना मला दर वेळी या लोकांच्या चिकाटीबद्दल आदर वाटतो. मॅकिंटॉश जातीच्या सफरचंदाला जपानमध्ये असाही म्हणतात, त्यावरून हे नाव.

मांडणी अशी: मॅकओएस पुसायचं नाही. मॅकओएसच्या टर्मिनलमधून इन्स्टॉलर चालवायचा, तो डिस्क आकसून लिनक्सला जागा करतो. फर्मवेअरचे अपडेट मॅकओएसमधूनच येतात, म्हणून ते ठेवणंच शहाणपणाचं. २५६ जीबीच्या एअरवर दोन्ही दाटीवाटीनं राहतात. लिनक्स काढून टाकायचं झालं तर बटण नाही, पार्टिशन हातानं पुसावी लागतात. मॅकओएसचा बॅकअप घेतल्याशिवाय यातलं काहीही करू नका.

रोजच्या वापरात खटकतं ते वेगळंच. टच आयडी चालत नाही. झाकण मिटून ठेवलं तर मॅकओएसपेक्षा बॅटरी लवकर उतरते. मी रात्री सरळ बंद करतो. एअरला एचडीएमआयचं भोक नाही आणि यूएसबी-सीमधून बाहेरचा मॉनिटर ही असाहीची जुनी उणीव आहे. मॉनिटरवरच काम करणाऱ्यांनी एमवन किंवा एमटूचा मॅक मिनी बघावा, त्याच्या एचडीएमआयवर चित्र येतं. एमथ्री आणि पुढच्या चिपांचे मॅक मात्र लिनक्ससाठी म्हणून विकत घेऊ नका.

एक बारकी गोष्ट पाय ५ आणि एमवन दोन्हींना लागू आहे. दोन्हीकडचं कर्नेल मेमरीची पानं (तुकडे) १६ केबीची ठेवतं, पीसीवर ती ४ केबीची असतात. एखादं जुनं सॉफ्टवेअर यामुळे उघडताक्षणी बंद पडतं. पायवर कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ घालून ४ केबीचं कर्नेल घेता येतं. मॅकवर तशी सोय नाही.

रिस्क-फाइव्हबद्दल थोडक्यात. बर्कलीच्या विद्यापीठात २०१०मध्ये सुरू झालेली ही खुली रचना आहे. आपल्याकडे आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सीडॅकचा वेगा हे प्रोसेसर तिच्यावरच बेतलेले आहेत. डेबियननं ऑगस्ट २०२५च्या १३व्या आवृत्तीत तिला अधिकृत स्थान दिलं. पण व्हिजनफाइव्ह २ पाय ४पेक्षाही मंद आहे. उबुंटू या वितरणानं २५.१० आवृत्तीपासून आरव्हीए२३ ही प्रोसेसरच्या क्षमतेची नवी पातळी सक्तीची केली, त्यामुळे आज हाती असलेले बहुतेक बोर्ड २४.०४ या जुन्या आवृत्तीवरच राहतात. संगणकशास्त्राचा विद्यार्थी असाल, कंपायलर किंवा कर्नेल शिकायचं असेल, तर जरूर घ्या. माझा बोर्ड मी त्यासाठीच ठेवला आहे. घरच्यांच्या हातात देण्यासाठी घेऊ नका.

आता पैशाचं. मॅकबुक घरात आधीच असेल तर मी डोळे झाकून असाही टाकेन. पण असाहीसाठी म्हणून जुना एमवन शोधत फिरणार असाल तर थांबा, कारण त्या पैशांत दुसऱ्या हाताचा चांगला, इंटेल-एएमडीचा थिंकपॅड लॅपटॉप येतो आणि त्यावर प्रिंटर आणि झूम चालतं, टोकनही चालण्याची शक्यता राहते. पाय मी त्या घराला सुचवेन जिथे मॉनिटर आणि माउस आधीच आहेत, कामं ब्राउझर आणि ऑफिसपुरती आहेत आणि एकजण तरी अधूनमधून टर्मिनल उघडायला तयार आहे. विकत घेण्याआधी शेजारच्याचा किंवा कॉलेजमधल्या कुणाचा पाय दोन दिवस मागून आणा. त्याला आपला प्रिंटर जोडा, आपल्या बँकेत लॉगिन करून बघा, मुलांचा ऑनलाइन वर्ग एकदा त्यावरच होऊ द्या.