सिरिंज पंपाला टचस्क्रीन द्यावी की कीपॅड?

सिरिंज पंप म्हणजे सिरिंजमधलं औषध ठरलेल्या वेगाने हळूहळू रुग्णाच्या शरीरात सोडणारं यंत्र. असं पलंगाशेजारी चालणारं छोटं वैद्यकीय यंत्र करायला घेतलं की हा प्रश्न फार लवकर समोर येतो. बॉडीचा मोल्ड कापायला देण्याआधीच त्याचं उत्तर लागतं, कारण समोरच्या पॅनेलचा आकार, आतल्या बोर्डाची जागा आणि सॉफ्टवेअरची मांडणी त्यावरच ठरते. मागाहून मत बदललं तर ते जड जातं. इन्फ्युजन पंप (सिरिंज पंप हा त्याचाच एक प्रकार) आपल्याकडे क्लास सीमध्ये, म्हणजे जास्त जोखमीच्या उपकरणांत मोडतो, १ ऑक्टोबर २०२३ पासून त्याला परवाना सक्तीचा आहे. एकदा परवाना हातात आल्यावर पॅनेल बदलायचं म्हटलं की चाचण्या आणि कागदपत्रं पुन्हा आलीच.

मी पुण्यातल्या एका छोट्या चमूत नवजात बालकांच्या कक्षासाठी सिरिंज पंप करतो. आम्ही दोन्ही प्रकारचे नमुने बनवले, सिस्टरांच्या हातात दिले, पाहत बसलो आणि मग एक निवडला. पुढचं सगळं त्या पाहण्यावर बेतलेलं आहे. प्रयोगशाळेतली मोजमापं माझ्याकडे नाहीत. व्हेंटिलेटर किंवा सोनोग्राफीचं यंत्र करणाऱ्याचं मत वेगळं पडू शकतं आणि ते बरोबरही असू शकतं.

टचस्क्रीन म्हणजे इथे मोबाइलसारखी कपॅसिटिव्ह. रेझिस्टिव्ह, म्हणजे दाबाने चालणारा टचही मिळतो आणि तो कुठल्याही हातमोज्यांनी चालतो, पण त्याची वरची फिल्म मऊ असते. रोजच्या पुसण्याने तिच्यावर चरे पडतात, म्हणून आम्ही तो फार लवकर बाजूला ठेवला. कीपॅड म्हणजे मेम्ब्रेन कीपॅड: वर एकसंध छापलेली पॉलिएस्टरची फिल्म, खाली प्रत्येक बटणाला स्टीलचा डोम, म्हणजे दाबला की ‘टक्’ करणारी छोटी फुगीर चकती, शेजारी साधा रंगीत डिस्प्ले.

टचची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. पॅनेल म्हणजे एक सपाट काच, घाण अडकायला कुठे फट नाही. मराठी हवी, हिंदी हवी, उद्या कन्नड हवी, सगळं सॉफ्टवेअरमध्ये होतं. औषधांची यादी बोटाने सरकवत नेता येते. रात्री दिवे मंद केले तरी प्रत्येक बटण स्वतःच्या उजेडात दिसतं. कीपॅडला हेच करायचं तर फिल्मखाली प्रकाश पसरवणारा वेगळा थर घालावा लागतो, आणि तो घातला की डोमचं ‘टक्’ बोटाला थोडं कमी कळतं. शिवाय खरेदी समितीसमोर दोन पंप शेजारी ठेवले की सगळ्यांची नजर टचकडे जाते. विकायचं असेल तर ही बाब हलकी समजू नये.

कीपॅडला तर एक डागही आहे. २००५ ते २००९ या पाच वर्षांत अमेरिकेची औषधं आणि वैद्यकीय उपकरणं यांवर देखरेख करणारी संस्था एफडीए हिच्याकडे इन्फ्युजन पंपांमुळे झालेल्या त्रासाचे सुमारे ५६,००० अहवाल आले आणि ८७ वेळा पंप परत मागवावे लागले. २०१० मध्ये एफडीएने या पंपांच्या सुधारणेची मोहीम सुरू केली, तेव्हा दोषांची जी उदाहरणं दिली त्यात ‘की बाउन्स’ होता. बटण एकदाच दाबलं, यंत्राने दोनदा मोजलं. ताशी १० मिली दिलं, पंपाने १०० घेतलं. हा दोष कीपॅडच्या पोटातलाच आहे. बटणाचे संपर्क सॉफ्टवेअरने नीट गाळून घ्यावे लागतात आणि औषध सुरू होण्याआधी आकडा मोठ्या अक्षरात दाखवून पुन्हा ‘होय’ म्हणवून घ्यावं लागतं. आमच्या कामात आकडा दीड किलोच्या बाळाला ताशी ०.६ मिली असा असतो. दशांशचिन्ह निसटलं की तो सहा होतो.

पण याच मुद्द्यावर कीपॅडकडे झुकायला एक कारणही मिळालं. ब्रिटनमध्ये संगणकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड थिंबलबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे भरण्याच्या पद्धतींवर बरंच काम केलं आहे. २०११ मध्ये त्यांनी वापरणाऱ्याची नजर कुठे जाते ते टिपून दाखवलं की ० ते ९ असा पूर्ण अंकपट असला की माणूस बटणांकडे बघत राहतो. वर-खाली बाणांनी आकडा वाढवायचा असेल तर नजर डिस्प्लेवर राहते आणि चुकलेला आकडा जास्त वेळा वेळीच सुधारला जातो. बी. ब्राउनचा पर्फ्युझर स्पेस किंवा फ्रेझेनियसचा अजिलिया या बाजारातल्या पंपांवर अंकपट नाही, बाण आहेत. टचवरही बाण काढता येतात, हे खरं. पण बोटाखाली कडा लागत नसेल तर बोट बाणावर आहे की नाही हे बघायला नजर पुन्हा खाली येते. मला तरी हा फरक नमुन्यांवर स्पष्ट जाणवला.

तरीही माझं मत ठरलं ते यावरून नाही. ठरलं ते पुसण्यावरून.

नवजात कक्षात पंप सारखे पुसले जातात. ड्यूटी बदलताना, बाळ बदलताना, दूध किंवा औषधाचा थेंब उडाला की, आणि कधी नुसत्या सवयीनेही. सिस्टर डाव्या हाताने पंप स्टँडवर धरून ठेवतात, उजव्या हातात स्पिरिटचा बोळा. बोळा वरच्या कोपऱ्यातून सुरू होऊन आडवा फिरतो, आकड्यावरून जातो, खालच्या बटणांवरून परत येतो. त्या वेळी पंप चालू असतो. बाळाला औषध जात असतं, ते थांबवून कोणी पुसत नाही आणि पुसूही नये. कपॅसिटिव्ह काचेला ओल्या बोळ्यामागची बोटं बोटांसारखीच दिसतात. मग मेनू उघडतो, एखादा आकडा निवडला जातो, कधी बाण दाबला जातो. खात्री करणारी चौकट येते म्हणून औषधाचा वेग बदलत नाही, पण पडद्यावर अर्धवट उघडलेला काहीतरी प्रश्न तसाच उरतो, आणि थोड्या वेळाने पंप ‘काम पूर्ण करा’ म्हणून वाजायला लागतो.

यावर सगळ्यांना माहीत असलेला उपाय म्हणजे कुलूप. पुसण्याआधी स्क्रीन लॉक करा. पण एका हातात बोळा, दुसरा हात स्टँडला, शेजारच्या वॉर्मरवर (बाळाला ऊब देणाऱ्या यंत्रावर) दुसरा गजर वाजतोय, अशा वेळी पुसण्याआधी एक बटण धरून ठेवण्याची अपेक्षा करणं मला रास्त वाटत नाही. मग आपोआप लागणारं कुलूप: मिनिटभर कोणी हात लावला नाही की स्क्रीन बंद. पुसण्याचा प्रश्न सुटतो आणि दुसरा उभा राहतो. सिरिंज संपत आल्याचा गजर झाला की आधी कुलूप उघडा, मग काय ते करा. बाळाच्या शेजारी गजर वाजत असताना ती जास्तीची एक पायरी सिस्टरांच्या चेहऱ्यावर दिसते. कुलूप सैल ठेवलं तर पुसण्याने उघडतं, घट्ट ठेवलं तर घाईच्या वेळी आड येतं. आम्ही बरेच फेरफार केले, पण दोन्ही टोकांना समाधान होईल असा मधला बिंदू मला सापडला नाही. कुणाला सापडला असेल तर तो पंप मी आनंदाने बघेन.

यातच हातमोज्यांचा पेच येतो. जाड किंवा दुहेरी मोज्यांतून बोट कळावं म्हणून टच कंट्रोलरची संवेदनशीलता वाढवावी लागते, आणि पाण्याच्या थेंबाला फसू नये म्हणून ती कमी करावी लागते. सलाइन साध्या पाण्यापेक्षा जास्त वीजवाहक, त्यामुळे तिथे ताण आणखी वाढतो. चांगले कंट्रोलर दोन्ही बऱ्यापैकी सांभाळतात, पण ते जुळवून घेण्यात वेळ जातो आणि काचेची जाडी बदलली की सगळं पुन्हा करावं लागतं. ऑपरेशन थिएटरमध्ये जाणारं यंत्र असेल तर कॉटरीच्या, म्हणजे विजेने ऊती कापणाऱ्या उपकरणाच्या लहरींनी स्क्रीनला नसलेल्या स्पर्शाचे भास होऊ शकतात, तेही हिशेबात धरा.

कीपॅडवर बोळा फिरला तर काहीच होत नाही. डोम दाबायला साधारण ३०० ग्रॅमच्या आसपास जोर लागतो, आणि पुसणारा हात पसरून दाबतो, एका बिंदूवर नाही. मोज्यांतूनही ‘टक्’ बोटाला कळतं. माझ्या दृष्टीने इथे पारडं झुकलं.

याचा अर्थ कीपॅड सुखाचा आहे असा नाही, आणि त्याची दुखणी आधी माहीत असलेली बरी. सर्वांत मोठं दुखणं म्हणजे कडा. फिल्म बॉडीवर नुसती चिकटवली तर बोळा रोज तिच्या काठाला लागतो, स्पिरिट गोंदात शिरतं आणि कोपरा जुन्या वहीच्या कव्हरासारखा वर येतो. बॉडीतच फिल्मच्या जाडीएवढा खोलगट भाग ठेवला आणि फिल्म त्यात बसवली की बोळ्याला कड लागतच नाही. हे मोल्ड कापण्याआधी सुचलं तर फुकटात होतं, नंतर नाही. दुसरं, कीपॅडची पट्टी, म्हणजे टेल, जिथून आत जाते तिथे ओल शोषली जाते. ती जागा कडेपासून दूर घ्या. कोकणासारख्या दमट हवेत कीपॅडच्या आत वीज नेणाऱ्या चांदीच्या शाईच्या रेषा एकमेकींकडे सरकून शॉर्ट होऊ शकतात, म्हणून वरून कार्बनचा थर छापून मागा. आणि फिल्म पॉलिएस्टरचीच घ्या. पॉलिकार्बोनेट दिसायला छान, पण दाबून दाबून आणि रसायनांनी त्याला बटणांच्या कडेने चिरा जातात.

छापलेलं बदलता येत नाही, ही तक्रार मात्र अर्धीच खरी आहे. आम्ही फिल्मवर भाषा ठेवलीच नाही. सुरू, थांबवा, काट मारलेली घंटा आणि बाण एवढीच चिन्हं कायमची. बाकी डिस्प्लेशेजारी कोरी बटणं, ज्यांचं काम आणि नाव पडद्यावर येतं. त्यामुळे मराठी-हिंदीचा प्रश्न टचइतकाच सहज सुटला. ‘थांबवा’ हे बटण आम्ही डिस्प्लेच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून ठेवलेलं नाही. त्याची तार थेट मोटर थांबवणाऱ्या सर्किटला जाते, पडदा गोठला तरी ते चालतं.

खर्चाचं थोडक्यात सांगतो: छोट्या संख्येला कीपॅडची सुरुवातीची गुंतवणूक हजारांत भागते, स्वतःच्या मापाची टच काच बनवून घ्यायची तर किमान ऑर्डरच मोठी पडते. डिस्प्ले काही वर्षांत बाजारातून जातो आणि पंप वॉर्डात त्याहून जास्त काळ राहतो. कीपॅड असला की फक्त मागचा डिस्प्ले बदलावा लागतो. काच त्याला चिकटवलेली असेल तर दोन्ही.

तुमच्या यंत्रावर लहरी, आलेख, रुग्णाचं नाव टाइप करणं, लांबलचक याद्या असं बरंच काही असेल तर टच घ्या, बाणांनी ते होणार नाही. फक्त थांबवण्याचं आणि गजर शांत करण्याचं बटण काचेबाहेर, खऱ्या डोमचं ठेवा. चार-पाच आकडे आणि दोन-तीन आज्ञा एवढंच काम असेल, आणि यंत्र चालू असताना पुसलं जाणार असेल, तर मी तरी कीपॅडच घेईन. पुरवठादाराकडून पॉलिएस्टरचे दोन नमुने मागवा, एक साध्या पॉली डोमचा (म्हणजे प्लास्टिकची फिल्मच फुगवून केलेला) आणि एक स्टील डोमचा. दोन्ही कामाच्या टेबलावर चिकटवून ठेवा आणि येता-जाता स्पिरिटच्या बोळ्याने पुसत राहा. काही आठवड्यांनी मोजे घालून दोन्ही दाबून बघा, आणि टेलच्या बाजूचा कोपरा नखाने उचलून पाहा.