यिशिंगची झिशा किटली घेताना आमची झालेली फसवणूक, तिकडे जाणाऱ्यांनी आधी वाचा

शांघाय, सुजौ, वुशी या पट्ट्यात राहणाऱ्या किंवा कंपनीच्या कामासाठी तिकडे येणाऱ्या सगळ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितेय. परत जाताना घरच्यांसाठी काय न्यायचं असं विचारलं की कोणीतरी हमखास यिशिंगच्या चहाच्या किटलीचं नाव काढतं, आणि ते चुकीचंही नाही कारण वस्तू खरंच फार सुंदर आहे, पण तिच्या नावावर तिथे काय काय विकलं जातं ते माहीत असायला हवं. आमचे २,८०० युआन त्यात गेले, म्हणजे आपले तीस हजारांच्या वर रुपये.

आधी गावाबद्दल सांगते कारण फसवणूक त्यावरच उभी आहे. यिशिंग ज्यांगसू प्रांतात, वुशीच्या अखत्यारीत येतं, ताईहू तलावाच्या पश्चिमेला. दक्षिणेकडे डोंगर, त्यात लांबच्या लांब बांबूचं बन, चुनखडीच्या गुहा आणि चहाचे मळे. इथला चहा थांग राजवटीत दरबारात नजराणा म्हणून जायचा, आजही इथला काळा चहा छान मिळतो. तलावातला पांढरा मासा, पांढरी कोळंबी आणि ते बारीक चंदेरी मासे, तिन्ही खाऊन बघाच, शिवाय लिलीचे कंद मिळतात ते सूपमध्ये घालतात. पण गावाचं खरं धन म्हणजे माती. दिंगशू नावाचा भाग आहे, तिथल्या ह्वांगलोंगशान डोंगरात झिशा निघते, म्हणजे ती जांभळट तपकिरी माती, पण खाणीतून येते ती दगडासारखी कडक ढेकळं म्हणून. ती उघड्यावर ऊन-पाऊस खात ठेवतात, मग दळतात, चाळतात, पाणी घालून मळतात आणि पुन्हा कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं मुरवत ठेवतात. जांभळट, लाल, पिवळसर असे तिचे प्रकार आहेत. अकराशे-बाराशे अंशांवर भाजली तरी तिच्यात बारीक छिद्रं राहतात, वर ग्लेझ म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप देत नाहीत, त्यामुळे किटली चहाचा वास हळूहळू धरून ठेवते आणि जाणकार लोक एका किटलीत एकाच जातीचा चहा करतात. मिंग काळापासून हे काम चाललंय. गू जिंगजौ (१९१५-१९९६) नावाचे मोठे कारागीर इथलेच, त्यांची एक किटली २०१० मध्ये बीजिंगच्या लिलावात १ कोटी युआनच्या वर गेली होती.

आता मुख्य मुद्दा. ह्वांगलोंगशानची खाण २००५ मध्ये बंद केली, कारण माती संपत चालली होती. तेव्हापासून दिंगशूमध्ये ज्या दुकानात जाल तिथे एकच गोष्ट ऐकू येते की आमच्याकडे खाण बंद व्हायच्या आधीची जुनी माती साठवलेली आहे. काहींकडे खरंच आहे, जुन्या घराण्यांनी साठे करून ठेवलेत. पण समोर ठेवलेली किटली त्याच मातीची आहे हे तुम्ही-आम्ही ओळखणार कसं? तिथेच सगळा खेळ आहे.

आम्हाला स्टेशनवरून टॅक्सी मिळाली, ड्रायव्हर फार गोड बोलणारा. दुकानात महाग मिळतं, माझ्या ओळखीच्या कारागिराचं घरच वर्कशॉप आहे, थेट तिथेच नेतो म्हणाला. घर कसलं, खाली शोरूम होती आणि कोपऱ्यात एक वयस्कर गृहस्थ काम करत बसले होते. त्यांचं काम मात्र अस्सल होतं हे मी आजही म्हणेन. झिशाची किटली चाकावर करत नाहीत, मातीचा गोळा लाकडी मोगरीने ठोकून सपाट पट्टी करतात, ती गोल वळवून जोडतात आणि बाहेरून फळीने थापटत थापटत पोट आणतात. आम्ही भान हरपून बघत होतो. आणि तेवढ्यात शोरूमवाली बाई शेल्फवरची किटली हातात देऊन म्हणाली की ही यांचीच, पूर्ण हाताने केलेली, जुन्या मातीची. माझ्या बाबांच्या रिटायरमेंटला द्यायला काहीतरी हवंच होतं.

मग तिने एकेक प्रयोग दाखवले. उकळतं पाणी वर ओतलं, ते सारखं पसरून सुकलं. झाकणाच्या भोकावर बोट ठेवलं की चोचीतून येणारी धार थांबते ते दाखवलं. झाकण कडेवर हलकेच घासून त्याचा टणत्कार ऐकवला. यातली धार थांबण्याची गोष्ट फक्त झाकण नीट बसतंय एवढंच सांगते, माती कुठली आणि किटली कोणी केली याबद्दल त्यातून काहीही कळत नाही, आणि बाकीचे दोन प्रयोगही तसेच, बघायला छान. शेवटी सर्टिफिकेट आलं, त्यावर कारागिराचा फोटो, पदवी (म्हणजे कारागिरांना मिळणारा दर्जा), लाल शिक्का. आम्ही फोनवरून क्यूआर कोड स्कॅन करून पैसे दिले, तिने हाताने लिहिलेली पावती दिली आणि लाकडी खोक्यात छान बांधून दिलं.

घरी आल्यावर पहिल्यांदा गरम पाणी भरलं तेव्हाच एक उग्र वास आला. आमच्या शेजारी एक चिनी काकू राहतात, त्यांच्या यजमानांना या किटल्यांचा फार नाद होता, ते गेल्यावर काकूंनी सगळ्या जपून ठेवल्यात. त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी बाहेरून बघितलंसुद्धा नाही, झाकण काढून मोबाईलचा टॉर्च आत मारला आणि मलाच बघायला सांगितलं. आतून सगळीकडे एकसारखं गुळगुळीत, काचेसारखं. पट्टी जिथे जोडतात तिथे सांध्याची खूण दिसायला हवी, ती नव्हती. चोच आणि कान पोटाला जिथे चिकटवतात तिथे आतून काहीतरी दाबलेलं दिसतं, तेही नव्हतं. उलट चोचीच्या आत मधोमध एक बारीक उभी रेघ होती, दोन अर्धे साचे जुळतात तशी. म्हणजे मातीचा पातळ घोळ प्लास्टरच्या साच्यात ओतून केलेली किटली, असा घोळ वाहता राहावा म्हणून त्यात सोडियम सिलिकेट घालतात. मग काकूंनी त्यांच्याकडची एक जुनी किटली माझ्या हातात दिली, ती आतून खडबडीत, हाताला वाळूसारखे कण लागणारी, बाहेर चमक मंद. दोन्ही शेजारी ठेवल्यावर कोणी काही सांगायची गरजच उरली नाही.

रंगाबद्दलही सांगायला हवं. २०१० मध्ये चीनच्या सरकारी टीव्हीनेच एका कार्यक्रमात दाखवलं होतं की साध्या मातीत लोखंड, मँगनीज, कोबाल्ट यांची ऑक्साइडं मिसळून झिशाचे रंग आणतात, तेव्हा त्यावर तिकडे भरपूर गदारोळ झाला होता. आमच्या किटलीत तसं काही आहे का हे आम्ही लॅबमध्ये तपासलेलं नाही, त्यामुळे तो आरोप मी करत नाही. पण हाताने केलेली म्हणून साच्यातली विकली एवढं नक्की.

आम्ही १२३१५ या ग्राहक तक्रारीच्या नंबरवर तक्रार केली, माझ्या मिस्टरांच्या ऑफिसमधल्या चिनी सहकाऱ्याने मदत केली. तिथला ग्राहक कायदा चांगला कडक आहे, विकणाऱ्याने फसवलं हे सिद्ध झालं तर मूळ पैसे परत आणि वर किमतीच्या तिप्पट भरपाई. पण सिद्ध कशावरून करणार? पावतीवर लिहिलं होतं फक्त चहाची किटली, एक नग. हाताने केलेली नाही, झिशा नाही, कारागिराचं नाव नाही. पैसे गेले होते ते दुकानाच्या नाही तर कोणाच्यातरी खाजगी खात्यावर. सर्टिफिकेटवर दुकानाचा उल्लेखच नाही. शोरूमवाली बाई म्हणाली मी असं काही बोललेच नाही. मध्यस्थीनंतर निम्मे पैसे परत आले आणि किटली त्यांनी ठेवून घेतली. तेही तो सहकारी पुन्हा पुन्हा फोन करत राहिला म्हणून, नाहीतर भाषा न येणाऱ्या माणसाचं तिथे काही चाललं नसतं. मला राग त्या निम्म्या पैशांपेक्षा जास्त या गोष्टीचा येतो की कोपऱ्यात बसलेल्या त्या म्हाताऱ्या कारागिराच्या आयुष्यभराच्या हुन्नराचा असा आमिषासारखा वापर करतात, त्यांना त्याचं काय मिळत असेल देव जाणे.

तर जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. टॅक्सीवाला किंवा गाइड नेईल तिथे खरेदी करू नका. आधी दिंगशूमधलं सिरॅमिक म्युझियम बघा, खरी वस्तू डोळ्यांखालून गेली की नजर तयार होते, आणि छ्येनशूची जुनी लांबलचक भट्टी पण बघा, मिंग काळातली असून अजून पेटवतात. साच्याची मदत घेऊन हाताने जोडलेली किटली म्हणजे फसवणूक नव्हे, तसं सांगून त्या भावात विकली तर रोज वापरायला उत्तम, मी स्वतः तीच घेईन. लाल झूनी मातीची मोठी किटली स्वस्तात देतोय कोणी तर तिथून निघाच, ती माती भाजताना इतकी आकसते की मोठी किटली सहसा धड निघत नाही. पदवीवाल्या कारागिराच्या शिक्क्यावर तर अजिबात जाऊ नका, दुसऱ्याने केलेल्या किटलीवर आपला शिक्का मारून देणारे त्या धंद्यात आहेत. आणि फापियाओ म्हणजे सरकारी बिल मागा, त्यावर झिशा आणि पूर्ण हाताने केलेली हे शब्द लिहून घ्या, पैसे दुकानाच्या नावाच्या कोडवरच द्या. लिहून द्यायला जो का कू करतो त्याच्याकडून काही घेऊ नका.

या महिन्यात बरीच मंडळी सुट्टीवर परत जातायत असं कळलं. कोणी यिशिंगला जाणार असेल तर पैसे द्यायच्या आधी किटलीच्या आतला आणि चोचीचा टॉर्च मारून काढलेला फोटो मला पाठवा, काकूंना दाखवून लगेच सांगते, त्यांनीच तसं सांगायला सांगितलंय.