फणसाड, आंबोली की चांदोली?

डोंबिवलीहून भावोजींचा फोन आला. नाताळच्या सुट्टीत दोन रात्री काढायच्या आहेत, समुद्र दरवर्षीच होतो, या वेळी जंगल बघू म्हणाले. बरोबर ताई, दहा आणि सहा वर्षांची दोन पोरं, आणि गुडघ्याला पट्टा बांधून चालणाऱ्या त्यांच्या आई. अट एकच होती: "जंगल मोठं पाहिजे हं. बागेत नेल्यासारखं नको."

मी चिपळूणला राहते आणि सुट्टी मिळाली की रानात जाते, म्हणून आमच्या घरात हे खातं माझ्याकडे. दर वर्षी कोणी ना कोणी हेच विचारतं, आणि सगळ्यांची सुरुवात चुकीच्या टोकाने होते. जंगल किती मोठं हे नकाशावर बघण्यापेक्षा त्यात पायी किती आत जाता येतं, हे आधी विचारायला हवं. कोकणातून जाण्यासारख्या तीन जागांची नावं नेहमी निघतात: चांदोली, फणसाड आणि आंबोली. या प्रश्नाचं उत्तर तिन्ही ठिकाणी वेगळं आहे.

सगळ्यात मोठं चांदोली. 317 चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान, 2004 मध्ये जाहीर झालेलं. कोयना अभयारण्य जोडून 2010 मध्ये त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. आता गंमत बघा. संगमेश्वरातून पूर्वेला मान वर केली की जो काळसर कडा दिसतो, त्याच्या माथ्यावरच हे जंगल आहे. पण आमच्या अंगणातून दिसणाऱ्या या रानाचं दार आहे पलीकडच्या बाजूला, सांगली जिल्ह्यात, शिराळा तालुक्यातल्या मणदूरला. म्हणजे साखरप्यावरून आंबा घाट चढायचा, मलकापूर गाठायचं, कोकरूड, शेडगेवाडी करत वारणावतीला यायचं आणि तिथून पुढे नाका. डोंबिवलीकरांना तर कोकणात उतरायचीही गरज नाही, पुण्यावरून कराड आणि तिथून आत.

नाक्यावरून पुढे वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या घेऊन गाडीतून फिरायचं. रस्ता खडबडीत, दोन्ही बाजूंना दाट झाडी, मध्येच रान उघडतं आणि समोर झोळंबीचा सडा येतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं मोकळं पठार. कोकणी माणसाला हे सांगायला नको, पण त्या उंचीवर, चारही बाजूंना माणसाचं घर नसताना तो बघणं वेगळं. झोळंबी हे एकेकाळचं नांदतं गाव. उद्यानासाठी इथली गावं उठवली गेली. पोरांना गवे दाखवताना हेही सांगावं असं मला वाटतं.

गवे दिसतात. वाघ दिसेल असं धरून जाऊ नका. "व्याघ्र प्रकल्प" ही पाटी वाचून लोक ताडोब्याची स्वप्नं घेऊन येतात आणि संध्याकाळी तोंड पाडून परततात. इथलं रान घनदाट, चढउताराचं, आणि वाघ मोजकेच. मुळात चांदोलीत तुम्ही 317 चौरस किलोमीटर बघत नाही, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर पोचेल तेवढी पट्टी बघता. आईंच्या गुडघ्यांना हे सोयीचं, सहा वर्षांच्या पोराला मात्र दुसऱ्या तासाला कंटाळा. तो गाडीच्या खिडकीतून जंगल बघेल आणि घरी जाऊन मोबाइलच्या खिडकीतून बघेल, त्याच्या दृष्टीने फरक कितीसा?

कोकणाच्या बाजूने चढणारी एक पायवाटही आहे, शृंगारपूरहून प्रचितगडाची. शृंगारपूर म्हणजे येसूबाईंच्या माहेरचं, शिर्क्यांचं गाव. पण ती वाट अंगावर येणारा चढ, वर लोखंडी शिडी, आणि गड उद्यानाच्या हद्दीत असल्याने परवानगी घ्यावी लागते. कॉलेजातला भाचा असेल तर त्याला सांगा, आईंना नको. आणखी एक: पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, उद्यान बंद असतं. गणपतीच्या सुट्टीत जोडून बघू, असा बेत करणारे दर वर्षी भेटतात.

आता फणसाड. माझं मन तिकडे आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही तेवढं वजा कराल.

रायगड जिल्ह्यात मुरुड आणि रोहा तालुक्यांच्या मधल्या डोंगरात हे रान आहे. जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाचं हे शिकारीचं राखीव जंगल, 1986 मध्ये अभयारण्य झालं. आकाराने चांदोलीच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. भावोजी इथेच नाक मुरडतील. पण सुपेगावच्या बाजूने आत शिरलात की चालायचं असतं, वाटाड्याला बरोबर घेऊन, पायवाटेने. ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी, आणि त्यांच्यावर चढलेल्या माणसाच्या मांडीएवढ्या जाड वेली.

त्यातली गारंबी बघायलाच हवी. ही वेल झाडावरून झाडावर जाते, मध्येच पिळा खाते, जमिनीवर उतरते आणि पुन्हा वर चढते. तिचं टोक कुठलं आणि बुडखा कुठला हे शोधण्यात पोरांचा अर्धा तास सहज जातो. शेंग तर हातभरापेक्षाही लांब, चपटी, मोठ्या बियांमुळे गाठीगाठींची. माझ्या आजीच्या फडताळात गारंबीची एक बी होती. तांबूस-काळी, इतकी गुळगुळीत की हातात धरली तर खाली ठेवावीशी वाटायची नाही. ती कुठून आली हे मला फणसाडला पहिल्यांदा गेले तेव्हा कळलं, आजी गेल्यावर दहा वर्षांनी.

इथल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात. चिखलगाण, फणसाडगाण अशी त्यांची नावं, आणि अभयारण्याला नाव मिळालं तेही त्या फणसाडगाणीवरून. उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये, बाकीचं पाणी आटतं आणि जनावरं गाणीवर येतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजतात ते याच कारणाने. पण त्या दिवसांत कोकणातला उकाडा काय असतो हे मी तुम्हाला सांगायला नको. डिसेंबरात जनावरं विखुरलेली असतात, मात्र सकाळी हवेत गारवा आणि चालायला सुख.

बिबट्या आहे, बहुतेकांना दिसत नाही. शेकरू मात्र दिसतो, आणि माझ्या मते फणसाडला जायचं ते त्याच्यासाठी. आधी वरून खडखडाट झाल्यासारखा आवाज येतो. वाटाड्या हात वर करून थांबवतो. मग डोक्यावरच्या फांदीवर तांबूस-तपकिरी अंग, पिवळसर पोट आणि अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपूट. मागच्या पायांनी फांदीला लटकून, डोकं खाली करून, पुढच्या पायांत धरलेलं फळ तो निवांत सोलत बसतो. साल आपल्या अंगावर पडते. महाराष्ट्राचा राज्यप्राणी चित्राबाहेर बघायला मिळाल्यावर माझी भाची ओरडली नाही, उलट आवाज खाली आणून म्हणाली, "मावशी, त्याला आपण दिसतोय ना?"

उणं बघायचं तर चहाच्या टपऱ्या नाहीत, मोबाइलला रेंज धड नाही, आणि वाटाड्या व राहण्याचं आधी ठरवून गेलं नाही तर गेटवर ताटकळावं लागतं. सुपेगावात तंबूंची सोय आहे, पण ज्येष्ठ माणूस बरोबर असेल तर मी मुक्काम काशीदला किंवा मुरुडला करेन. पहाटे जंगल, दुपारी जेवून झोप, संध्याकाळी किनारा. आई पहिल्या सपाट टप्प्यापर्यंत येऊन परत फिरू शकतात. चांदोलीत असं अर्ध्यावर उतरता येत नाही. दुसऱ्या दिवशी राजपुरीहून होडीने जंजिरा, म्हणजे ज्यांचं हे शिकारीचं रान, त्यांचा किल्लाही बघून होतो.

जायला मुंबईकरांना अलिबाग, रेवदंडा, काशीद हा सरळ रस्ता. आम्हा दक्षिणेकडच्यांना मात्र मजेची वाट आहे: दापोलीकडून वेसवीला यायचं, फेरीबोटीत गाडी घालून बागमांडला, पुढे श्रीवर्धन, दिघी, पुन्हा फेरीबोट आणि आगरदांडा. गुहागरकर असाल तर त्याआधी धोपावे-दाभोळ ही तिसरी बोट. वेळ वाचतो की नाही यावर आमच्याकडे दोन तट आहेत. पोरांचं मत विचाराल तर जंगलापेक्षा बोटीच लक्षात राहतात.

आंबोलीबद्दल लिहिताना हात थोडा आखडतो, कारण लोक तिला धबधब्यावरून ओळखतात. जुलै-ऑगस्टमध्ये शनिवार-रविवारी घाटातल्या मुख्य धबधब्याजवळ गाड्यांची रांग, कणसाचा धूर, स्पीकर, ओल्या पायऱ्यांवर घसरणारी गर्दी. हे पाहून परत आलेला माणूस "आंबोली केली" असं सांगतो. त्याने आंबोली पाहिलेली नसते.

आंबोली हे एका कुंपणातलं उद्यान नाही. सावंतवाडीवरून तीसेक किलोमीटर घाट चढून, साधारण 690 मीटर उंचीवर वसलेलं गाव, आणि गावाला चिकटलेलं रान. पाऊस वर्षाला सरासरी 7000 मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या पावसात जी जनावरं खूश होतात ती गव्या-बिबट्याएवढी नसतात, बोटाएवढी असतात, आणि ती रात्री बाहेर पडतात. म्हणून इथे जंगल बघायचं ते रात्री, बॅटरी घेऊन, माहीतगार स्थानिक पोराच्या मागून. पाण्यावर झुकलेल्या फांदीला साबणाच्या फेसाचा गोळा चिकटल्यासारखा दिसतो. ते मलबारी उडत्या बेडकाचं घरटं. आत अंडी असतात, पिल्लं तयार झाली की थेट खालच्या पाण्यात टपकतात. पहिल्या पावसात, मेअखेर-जूनच्या सुमारास, एक छोटासा भेक पिवळाधमक होतो, अंगावर वाघासारखे पट्टे. 2009 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि तो जगात फक्त याच परिसरातला. ज्यांना वाघच बघायचा आहे त्यांना मी हा वाघ सुचवते, अजून कोणी हसलेलं नाही.

हिरण्यकेशीचं मंदिर दिवसाउजेडी बघा. नदी इथल्या गुहेतून निघते, आणि त्या कुंडातल्या पाण्यात सापडलेल्या एका छोट्या माशाला 2020 मध्ये नदीचंच नाव मिळालं. पुढच्या वर्षी त्या जागेला जैविक वारसा स्थळ म्हणून संरक्षण मिळालं. गुडघे दुखणाऱ्या माणसालाही हे झेपतं.

त्रास दोन. एक जळवा. पहिल्या वेळी मी हौसेने कॅनव्हासचे बूट घालून गेले, परत येऊन मोजे काढले तेव्हा दोन्ही घोटे लाल. वाटाड्याने न बोलता चिमूटभर मीठ पुढे केलं. त्याच्या स्वतःच्या पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट होते, ते मला आधी का दिसले नाहीत कोण जाणे. दुसरा चापडा, म्हणजे हिरवा-पिवळा विषारी साप, झुडपाच्या फांदीवर तासन्‌तास न हलता बसणारा. रात्री तोल गेला तरी झुडपाला हात लावायचा नाही, हे पोरांना निघण्याआधी बजावा. आणि उन्हाळ्याकडे जाणार असाल तर आणखी एक गोष्ट गंभीरपणे घ्या: दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात 2016 पासून माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत. तो गोचिडीतून पसरतो, जानेवारी ते मे हा त्याचा काळ. पूर्ण बाह्या, मोज्यात खोचलेली पँट, पाचोळ्यात बसकण नाही, मेलेल्या माकडाच्या जवळपास फिरकायचं नाही. परतल्यावर काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं सांगा.

म्हणजे डिसेंबरात आंबोली? हवा सुरेख, धुकं, शिळेवर चालणारा शीळकरी कस्तूर, रात्री रस्त्यावर गवा. पण बेडूक नाहीत आणि धबधब्याची धार बारीक. माझ्या मते आंबोली जूनमध्ये एकदा जरूर, डिसेंबरात सावंतवाडीला काही काम निघालं तर.

दोन रात्री नाहीत, अर्धाच दिवस आहे, असं म्हणणाऱ्यांसाठी कर्नाळा आहेच. पनवेलपासून बारा-तेरा किलोमीटर, मुंबई-गोवा महामार्गाला लागून, 1968 पासूनचं पक्षी अभयारण्य. किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका वर, त्याला लटकलेली आग्यामाश्यांची पोळी, म्हणून तिथे अत्तर लावून आणि आरडाओरडा करत जाऊ नये. हरियाल आणि मोरटाका या दोन निसर्गवाटा पोरांना पुरतात. महामार्गाचा आवाज मात्र बराच वेळ कानातून जात नाही.

हे सगळं फोनवर सांगून झाल्यावर भावोजी थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण चांदोली सहापट मोठं ना?" मी म्हटलं, पाचपट म्हणा, आणि आईंना विचारा. त्यांनी खरंच विचारलं. आई म्हणाल्या, गाडीत बसून काय बघायचं, ते टीव्हीवर बघते मी, मला ती लांबडी शेंग बघायची आहे.

काशीदला तळमजल्यावरची खोली घेतली आहे, सुपेगावचा वाटाड्या ठरला आहे, सकाळी साडेसहाला गेटवर. धाकट्याने येताना मला गारंबीची शेंग आणायचं कबूल केलं आहे. अभयारण्यातून पानसुद्धा उचलायचं नसतं, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.