मॅगिट : गिटवर पडदा न टाकणारे साधन

टेक्स्ट एडिटरमध्ये गिटची, म्हणजे कोडमधील बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या प्रणालीची, सोय पुरवणाऱ्या बहुतेक साधनांचा कल वापरणाऱ्याला गिटपासून शक्य तेवढे दूर ठेवण्याकडे असतो. कडेच्या पट्टीत बदललेल्या फाइलींची यादी, वर कमिटच्या (बदलांच्या नोंदीच्या) संदेशासाठी चौकट आणि तिच्याजवळ एक बटण, एवढ्यावर रोजचे काम निभावते. मात्र रिबेस, म्हणजे आधीचे कमिट नव्या पायावर पुन्हा रचण्याचे काम, मध्येच अडला, की हेच साधन हात वर करते आणि आपली पाठवणी टर्मिनलकडे करते. ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरसाठी लिहिलेले मॅगिट हे पॅकेज मला वेगळे वाटते ते याच मुद्द्यावर. त्याने गिट सोपे केलेले नाही, तर वाचता येईल असे केले आहे.

मॅगिटची सुरुवात मारियुस फोल्मर यांनी २००८ मध्ये केली आणि गेली अनेक वर्षे योनास बर्नौली त्याची देखभाल करत आहेत. त्याच्या कितीतरी आधीपासून ईमॅक्समध्ये अशा प्रणाली हाताळणारी व्हीसी नावाची अंगभूत सोय आहे. ‘पुढचे जे योग्य पाऊल असेल ते टाक’ असा तिच्या मुख्य आज्ञेचा अर्थ आहे, आणि आरसीएस किंवा सीव्हीएससारख्या फाइलनिहाय चालणाऱ्या जुन्या प्रणालींच्या काळात ही कल्पना खरोखर सुंदर होती. गिटचा कमिट मात्र एका फाइलची नव्हे, तर संपूर्ण प्रकल्पाच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद करतो, आणि कमिटपूर्वी इंडेक्स नावाचा एक थांबाही मध्ये ठेवतो; कमिटमध्ये जायचे बदल आधी तिथे ठेवायचे, यालाच स्टेज करणे म्हणतात. फाइल हेच एकक मानणाऱ्या रचनेत या थांब्याला नीट जागा मिळत नाही.

मॅगिटने तोच थांबा केंद्रस्थानी आणला. त्याचा स्टेटस बफर, म्हणजे प्रकल्पाची सद्यस्थिती दाखवणारे पान, उघडला, की स्टेज न केलेले बदल, स्टेज केलेले बदल, स्टॅश (तात्पुरते बाजूला ठेवलेले बदल) आणि अद्याप पुश न झालेले, म्हणजे सर्व्हरवर न पाठवलेले, कमिट एकाखाली एक दिसतात, आणि प्रत्येक विभाग टॅब कळीने उलगडता किंवा मिटता येतो. हा बफर म्हणजे साधा मजकूर असल्यामुळे त्यात शोध घेणे, कर्सर हलवणे, ओळी निवडणे या हाताला आधीच वळण असलेल्या गोष्टी जशाच्या तशा चालतात. समजा, एका फंक्शनमधली चूक दुरुस्त करताना शेजारच्या दोन ओळींतील चलाचे नावही मी बदलले. हे दोन बदल स्वतंत्र कमिटमध्ये जायला हवेत, परंतु डिफमध्ये (फरकांच्या यादीत) ते एकाच हंकमध्ये (सलग तुकड्यात) आले आहेत. अशा वेळी नेमक्या हव्या त्या ओळी निवडायच्या आणि ‘एस’ दाबायचे, एवढेच करावे लागते. पडद्यामागे मॅगिट तेवढ्याच ओळींचा पॅच (बदलांचा तुकडा) तयार करून तो इंडेक्सला लावतो आणि प्रत्यक्ष फाइलला धक्काही लागत नाही. याआधी मी वापरत असलेल्या एका एडिटरमध्ये काहीच स्टेज केलेले नसेल, तर कमिटचे बटण निमूटपणे सगळेच बदल उचलत असे, आणि तपासणीसाठी टाकलेल्या छपाईच्या ओळी त्या सोयीपायी माझ्या इतिहासात कायमच्या जाऊन बसल्या आहेत.

आज्ञांच्या मेनूंची मांडणीही तितकीच विचारपूर्वक केलेली आहे. पुशची कळ दाबताच खाली एक तात्पुरता मेनू उघडतो आणि त्यात प्रत्येक पर्यायासमोर गिटचा मूळ ध्वज (आज्ञेला जोडायचा पर्यायाचा शब्द) लिहिलेला असतो, त्यामुळे निव्वळ ‘फोर्स’ (सर्व्हरवरचे बेधडक बदलणारा) आणि ‘फोर्स विथ लीज’ (तिथे दरम्यान दुसऱ्याचे काम आले नसेल तरच बदलणारा) हे दोन वेगळे पर्याय आहेत, हे पुस्तक न उघडताही रोज डोळ्यांखालून जाते. डॉलरच्या चिन्हाची कळ दाबली, तर मॅगिटने गिटला कोणत्या आज्ञा दिल्या आणि गिटने काय उत्तर दिले, हे शब्दशः वाचायला मिळते. काही बिनसले तर अंदाज बांधत बसावे लागत नाही. या मेनूंची यंत्रणा पुढे ट्रान्झिएंट या नावाने वेगळी काढण्यात आली आणि ईमॅक्सच्या २८ व्या आवृत्तीपासून ती ईमॅक्ससोबतच येते.

उणिवा आहेत, आणि त्यांतली सर्वांत ठळक म्हणजे वेग. प्रत्येक कृतीनंतर स्टेटस बफर ताजा करण्यासाठी मॅगिट गिटची प्रक्रिया अनेकदा चालवतो. लिनक्सवर हे सहसा जाणवत नाही, पण विंडोजवर नवी प्रक्रिया सुरू करणे महाग पडत असल्याने एकेका कळीनंतर चांगलेच थांबावे लागते. मोठ्या प्रकल्पात बफरमधील नको असलेले विभाग काढून टाकले, तर थोडा दिलासा मिळतो. टर्मिनलमधून केलेला बदल बफरमध्ये आपोआप उमटत नाही, त्यासाठी ‘जी’ दाबावे लागते. लिहिता लिहिता ओळींच्या कडेला बदलाच्या खुणा दिसाव्यात, अशी अपेक्षा असेल, तर डिफ-एचएल हे निराळे पॅकेज बसवावे लागते. आणि केवळ मॅगिटसाठी कोणी आपला एडिटर बदलावा, असा आग्रह मी धरणार नाही, कारण ईमॅक्स शिकणे हे स्वतःच एक स्वतंत्र प्रकरण आहे.

रचनेतील एक निर्णय मात्र मला पटलेला नाही. ‘के’ या कळीने कमिट न केलेला बदल टाकून देता येतो. त्याआधी मॅगिट होकार विचारतो खरा, पण पन्नासाव्या वेळी तो होकार बोटे सवयीनेच देऊन मोकळी होतात. अशा वेळी उपयोगी पडणारी सोय मॅगिटमध्येच आहे : विप (‘वर्क इन प्रोग्रेस’, म्हणजे चालू काम) मोड चालू असेल, तर फाइल जतन करताना आणि बदल टाकून देण्यापूर्वी कामाची प्रत ब्रँचला (कामाच्या चालू शाखेला) हात न लावता गिटमध्येच वेगळ्या संदर्भाखाली (नावाखाली) ठेवली जाते. इतकी मोलाची सोय मुळात बंद ठेवलेली आहे, आणि कमिटच्या भाऊगर्दीच्या मेनूत तिचा मागमूसही नसल्याने नवख्याला तिचा पत्ता लागतो तो बहुधा काहीतरी गमावल्यानंतरच. मॅगिट बसवणाऱ्याने पहिल्याच दिवशी आपल्या सेटिंगच्या फाइलमध्ये ती चालू करून घ्यावी.