सॅक्रे-करच्या पायथ्याशी बांधलेली २० युरोंची राखी

पॅरिसला निघताना जो तो खिसेकापूंबद्दल बजावतो. पाकीट पुढच्या खिशात, पासपोर्ट हॉटेलात, असा मी जय्यत तयार होतो. पण माझं पाकीट कुणी मारलंच नाही, मी स्वतः उघडून दिलं!

माँमार्त्रच्या टेकडीवर सॅक्रे-करचं पांढरंशुभ्र चर्च आहे. १८७५ मध्ये बांधकाम सुरू झालं, ते १९१४ पर्यंत चाललं. आम्ही आँव्हेर मेट्रो स्टेशनला उतरून स्मरणवस्तूंच्या दुकानांच्या गल्लीतून वर आलो. पायऱ्यांपाशी, लहान मुलांच्या मेरी-गो-राउंडजवळ चार-पाच तरुण उभे होते. एकजण हसत पुढे आला. "इंडिया? नमस्ते! हाकुना मटाटा!" हातात रंगीत दोरे.

आपल्याकडे कुणी धागा बांधायला आलं की हात आपोआप पुढे जातो. देवळात गुरुजी, घरी बहीण. माझाही गेला. त्याने दोऱ्याचा फास माझ्या तर्जनीत अडकवला आणि ताणून धरायला लावून वेणी घालायला लागला. खरी मेख तिथेच आहे: बोट अडकलेलं, पळणार कुठे? दोन मिनिटांत वेणी मनगटावर आली आणि अशी गाठ बसली की सुटेना.

"गिफ्ट," तो आधी म्हणाला होता. आता म्हणाला, "ट्वेंटी युरो." मी पाच काढले, तर त्याची नजर थेट पाकिटातल्या विसाच्या नोटेवर. तोवर बाकीचे जवळ सरकले होते. हात कुणी लावला नाही, आवाजही चढवला नाही, पण बायको सोबत होती आणि मला तमाशा नको होता. दिले. जवळपास २००० रुपये!

तिथे जाणार असाल तर हात खिशात घाला आणि थांबू नका. 'नो थँक्यू' म्हणायलासुद्धा नाही. नाहीतर पायऱ्यांच्या डावीकडून फ्युनिक्युलर, म्हणजे चढावर रुळांवरून चालणारी छोटी गाडी आहे, मेट्रोच्याच तिकिटावर वर नेते. किंवा मेट्रोच्या १२ नंबरच्या लाइनने लामार्क-कोलँकूरला उतरून मागच्या बाजूने चढा. आणि कुणी धागा बांधलाच, तर पाकीट तिथे उघडू नका, सरळ गर्दीत चालू पडा. लूव्र संग्रहालयापाशी सह्या मागत फिरणाऱ्या मुलींच्या कागदालाही हात लावू नका, सहीनंतर देणगी मागतात.

रात्री हॉटेलात नेलकटरने तो धागा कापत बसलो होतो. बायको म्हणाली, "ओवाळणी घातलीस, आता निदान श्रावण संपेपर्यंत तरी ठेव."