आठ महिने थर्मास, आणि त्याच्या झाकणाची रिंग

गेल्या शनिवारी बेगुन्देच्या, म्हणजे सोलच्या बुखानसान डोंगरातल्या सर्वात उंच शिखराच्या, चढावर पाठ ओली लागली. घाम असेल म्हणून तसाच चढत राहिलो. पण ऑक्टोबरात सोलमध्ये एवढा घाम येत नाही, आणि घामाला आल्याचा वास तर मुळीच येत नाही. थर्मास गळला होता. जादाचे मोजे आणि डब्यातल्या पोळ्या, दोन्ही भिजलं.

थर्मास ७५० मिलीचा, स्टीलचा. बाकी माहिती खोक्यावर असते. फेब्रुवारीत ३४,००० वॉनला घेतला, म्हणजे दोन हजार रुपयांच्या वर. घेताना छातीत कळ आली होती. पण गरम ठेवण्यात खोट नाही. सकाळी ६ ला उकळतं भरलेलं पाणी ११ ला वर पोचल्यावरही कपातलं राम्यन (कोरियन इन्स्टंट नूडल्स) शिजवतं. बुखानसान राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे स्टोव्ह पेटवता येत नाही, त्यामुळे ज्याच्याकडे थर्मास तो जेवतो. सिंहगडासारखं पिठलं-भाकरी घेऊन ८३६ मीटरवर कोणी बसलेलं नसतं. (उरलेलं सूप तिथे ओतायचं नाही. नाकातून पाणी आलं तरी प्यायचं, नाहीतर खाली न्यायचं.)

माझं भांडण फक्त झाकणातल्या रबरी रिंगेशी. आठवडाभर ऑफिसात आल्याचा चहा नेतो, तो वास रिंगेत असा मुरतो की शनिवारी साधं पाणीही आल्याचं. खाण्याचा सोडा, लिंबू, ऊन, सगळं झालं. आलं घातलेलं कोरियन राम्यन मी आठ महिने खातोय. आता तीच रिंग चिरली.

कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांनी ती सुटी विकत नाही असं सांगितलं. अख्खं झाकण घ्या, १२,००० वॉन. सातशे रुपयांवर झाकण! त्या रागात इथे रिव्ह्यूत एकच तारा देणार होतो.

पण काल गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात झाकण दाखवलं. आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला, "गोमु पेखिंग," म्हणाले, आणि बिस्किटाच्या डब्यात बोटं घालून चाळत बसले. गोमु म्हणजे रबर, आणि पेखिंग म्हणजे आपलंच पॅकिंग, आमचा प्लंबरही हाच शब्द वापरतो. रिंग सापडली, पण पातळ. म्हणून त्यांनी दोन एकावर एक बसवल्या. ५०० वॉनला एक, दोन्हीचे मिळून साठेक रुपये. उलटा धरून हलवला, थेंब नाही. तेव्हा तारे चार, आणि एक कापला तो सर्व्हिसच्या नावाने.

आज इन्वांगसानवर नेला होता. ३३८ मीटरचाच डोंगर, सोलच्या जुन्या तटबंदीच्या कडेने तासाभरात वर. पाण्याला आल्याचा वास नाही. मात्र दोन रिंगांमुळे झाकण इतकं घट्ट बसलंय की मला उघडेना. शेवटी शेजारी संत्री सोलत बसलेल्या काकूंनी एका झटक्यात उघडून दिलं, आणि वर अर्धं संत्रं.